भिंतीवर १८, फोनवर ९.९

चीनमधल्या शेनझेन शहराच्या ह्वाछियांगपेइ भागात इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा प्रचंड बाजार आहे. त्याच्या मागच्या गल्लीत दहा-बारा स्टुलांचं एक नूडल्सचं दुकान आहे. २०२५ च्या जुलैत कामानिमित्त तिथे होतो. आमचा भोसरीत सर्किट बोर्ड जोडण्याचा छोटा कारखाना आहे, त्यासाठी माल बघायला गेलो होतो. थेट विमानं तेव्हा पुन्हा सुरू झाली नव्हती, म्हणून हाँगकाँगमार्गे. भिंतीवरच्या फळ्यावर टोमॅटो-अंड्याच्या नूडल्सचा भाव होता १८ युआन. एक युआन म्हणजे तेव्हा साधारण १२ रुपये. मी फळ्याकडे बोट दाखवलं, तर मालकाने मान हलवली, माझाच फोन मागितला आणि जेवण मागवायच्या ॲपमध्ये दोन-तीन वेळा बोट फिरवून समोर धरला. तेच दुकान, तीच वाटी, भाव ९.९ युआन. ‘स्वतः येऊन नेणार’ हा पर्याय दाबायचा, दोन पावलं मागे सरकून स्टुलावर बसायचं आणि पाच मिनिटांनी आपलंच पार्सल आपण उचलायचं. नूडल्स प्लॅस्टिकच्या झाकणबंद डब्यात आल्या. डबा उघडून मी तिथेच बसून खाल्ल्या.

पन्नास वर्षांत मी असा दुकानदार पाहिला नव्हता, जो स्वतःहून गिऱ्हाइकाला कमी भावाकडे ढकलतो. हा माणूस भोळा नव्हता आणि धर्मादायही करत नव्हता. मग ते ८.१ युआन गेले कुठे?

सध्या चीनला जाऊन आलेल्यांचे व्हिडिओ घरोघरी बघितले जातात. ड्रोनने आलेलं जेवण, रोबोने आणून ठेवलेला टॉवेल, पाकीट न बाळगणारी आजी. बघणारा एक तर भारावतो, नाही तर ‘हा सगळा दिखावा’ म्हणून मोकळा होतो. त्या एका वाटीचा हिशेब मांडला तर दोन्हींपेक्षा जास्त काही कळतं.

आधी पोटोबा

आपल्याकडचं ‘चायनीज’ डोक्यातून काढून टाकायचं. मांचुरियन चीनमध्ये मिळत नाही, तो आपल्या मुंबईतला शोध. चीनमध्ये ‘चिनी जेवण’ असंही एक काही नाही, जसं ‘भारतीय जेवण’ नाही. शेनझेन ज्या ग्वांगदोंग प्रांतात आहे, तिथलं जेवण सौम्य असतं: वाफवलेला मासा, आल्याच्या काड्या, वर जरासं सोया. त्याच प्रांतात जेवायला बसलं की लोक आधी गरम चहाने आपली वाटी-पेला विसळतात, आणि कुणी चहा ओतला की टेबलावर दोन बोटं टकटक करतात. तोच त्यांचा आभार. शेनझेन मात्र बाहेरून आलेल्यांचं शहर आहे, त्यामुळे रस्त्याच्या एका बाजूला हुनानी तिखट, दुसऱ्या बाजूला लानचौच्या मुस्लिम खानावळीतल्या हाताने ओढलेल्या नूडल्स.

आणि सिचुआनी. त्या जेवणाच्या चवीचं नाव ‘मा-ला’. ‘ला’ म्हणजे तिखट. ‘मा’ला मराठीत नेमका शब्दप्रयोग आहे: मुंग्या येणं. पहिल्या घासाला ओठ बधिरले आणि मी चमकलो, कारण ही चव ओळखीची होती. कोकणात नि गोव्यात बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ घालतात ना, सिचुआनी जेवणात पडणारं मिरीसारखं फळ हा त्याचाच सख्खा चुलतभाऊ. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोघं एकाच कुळीतले, म्हणजे एकाच प्रजातीसमूहातले. आपण चार-सहा तिरफळं ठेचून टाकतो, सिचुआनवाले मूठमूठ ओततात. २०१३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ही झिणझिण मोजली, तर ओठांना सेकंदाला सुमारे ५० वेळा कंप झाल्यासारखी जाणीव होते असं निघालं. आपल्या घरातल्या विजेची कंपनंही सेकंदाला तेवढीच, हा निव्वळ योगायोग, पण मला फार आवडला. मिरची मात्र दोघांचीही नव्हे. सोळाव्या शतकाच्या सुमारास ती अमेरिकेतून इकडेही आली आणि तिकडेही.

शाकाहारी वाचकांनी धास्ती घेऊ नये, उपाशी राहत नाही. पण ‘मांस नको’ म्हटलं तरी भाजीवर खिम्याची चिमूट पडू शकते. त्यांच्या लेखी ती भाजीच. बौद्ध परंपरेतला ‘सू’ हा शब्द फोनवर लिहून दाखवला की काम होतं. दोन जुनी माणसं भेटली की ‘कसे आहात’ऐवजी ‘जेवलात का?’ विचारतात, हे ऐकून तर मला आजोळी गेल्यासारखं वाटलं.

टेबलावरचा चौकोन

आता तंत्राकडे. चीनमधल्या बऱ्याच खानावळींत मेनूकार्ड नसतं. टेबलाच्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवलेला असतो, म्हणजे आपला क्यूआर कोड. (हा कोड चिनी नव्हे. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तो जन्मला.) तो स्कॅन केला की फोनवर मेनू उघडतो, तिथेच ऑर्डर, तिथेच पैसे. वेटर फक्त ताट ठेवून जातो.

यासाठी वेगळं ॲप उतरवावं लागत नाही, खरी गंमत तिथे आहे. वीचॅट हे २०११ मध्ये निरोप पाठवण्यासाठी निघालेलं ॲप. २०१३ मध्ये त्यात पैसे पाठवायची सोय आली. २०१४ च्या चिनी नववर्षाला नातेवाइकांना लाल पाकिटातून पैसे द्यायची प्रथा त्यांनी फोनवर आणली, आणि लोकांनी धडाधड बँकखाती जोडली. २०१७ मध्ये ‘छोटी ॲप’ आली, म्हणजे वीचॅटच्या पोटातच चालणारी, न उतरवता उघडणारी हलकी ॲप. मोठ्या वाड्यात भाड्याने दिलेल्या खोल्या समजा. बिऱ्हाडं वेगवेगळी, दिंडी दरवाजा एकच, आणि किल्ली वाड्याच्या मालकाकडे.

दुसरा वाडा अलीपेचा. तो २००४ चा, आणि त्याची सुरुवात पैसे पाठवण्यातून नव्हे, अविश्वासातून झाली. इंटरनेटवर अनोळखी माणसाकडून वस्तू घ्यायची, तर आधी पैसे द्यायचे की आधी माल? म्हणून पैसे मध्यस्थाकडे ठेवायचे, माल नीट मिळाला की त्याने ते विकणाऱ्याला द्यायचे. क्रेडिट कार्ड तिथे घरोघरी पोचलंच नव्हतं, त्यामुळे लोक नोटांवरून उडी मारून थेट फोनवर आले.

“हे तर आपल्याकडेही आहे!”

असं कुणीही म्हणेल, आणि ते बरोबर आहे. पानाच्या टपरीवर क्यूआर कोड बघायला पुण्याच्या माणसाने शेनझेनला जायची गरज नाही. पण फरक रचनेत आहे. २०१६ मध्ये सुरू झालेलं यूपीआय म्हणजे सार्वजनिक रस्ता. त्यावर कुणाचीही गाडी चालते, या ॲपवरून त्या ॲपवर पैसे जातात, आणि २०२० पासून दुकानदाराला त्यासाठी शुल्क नाही. चीनमध्ये दोन खासगी कंपन्यांनी आपापली जत्रेची मैदानं उभी केली. आत शिरणं फुकट, पण दुकान मांडलं तर प्रत्येक व्यवहारावर साधारण ०.६ टक्का द्यायचा. कोण काय खातो, किती वाजता खातो, हे सगळं मैदानाच्या मालकाला दिसतं.

०.६ टक्का म्हणजे किरकोळच, आणि मालकाचा डोळाही त्यावर नसतो. गर्दी माझ्या मैदानात राहिली पाहिजे, यावर असतो. गर्दी रोज यावी अशी कोणती गोष्ट आहे? फ्रिज दहा वर्षांतून एकदा घेतला जातो. जेवण दिवसातून दोनदा. म्हणून एवढं रण नूडल्सवरून.

(जाणाऱ्यांसाठी एवढंच: अलीपे आणि वीचॅटला आता परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं. एका वेळी २०० युआनपर्यंत जादा शुल्क नाही, त्यावर ३ टक्के. कार्ड इथूनच, घरच्या वायफायवर जोडून निघा. मी विमानतळावर जोडत बसलो आणि बँकेचा ओटीपी बंद पडलेल्या सिमकार्डावर येत राहिला.)

नेइजुआन म्हणजे काय

या लेखातला अवघड शब्द हा एवढाच. ‘नेइ’ म्हणजे आत, ‘जुआन’ म्हणजे गुंडाळणं. मूळ कल्पना मानवशास्त्रातली: अमेरिकी अभ्यासक क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६३ मध्ये जावा बेटावरच्या भातशेतीबद्दल मांडलेली. जमीन तेवढीच, राबणारे हात वाढत गेले, मशागत जास्तजास्त बारकाईची झाली, पण माणशी पदरात पडणारं धान्य काही वाढलं नाही. २०२० च्या सुमारास चिनी तरुणांनी हा शब्द उचलला. चिंगह्वा या नामांकित विद्यापीठातला एक मुलगा सायकल चालवता चालवता हँडलवर लॅपटॉप उघडून काम करतोय, असं चित्र तेव्हा देशभर फिरलं होतं.

आपल्याला हे एसटी स्टँडवर कळतं. गाडी फलाटाला लागली, एका हुशार माणसाने खिडकीतून सीटवर रुमाल टाकला आणि जागा धरली. पुढच्या वेळी दहा जणांनी रुमाल टाकले. मग रुमाल कमी पडले, पिशव्या आल्या. मग खिडकीतून पोरं आत ढकलली गेली. मग लोक गाडी आगारातून निघतानाच तिच्यामागे धावू लागले. सीट किती? पहिल्या दिवशी होत्या तेवढ्याच. आता सगळे घामाघूम, आणि जो शांतपणे उभा राहील तो हमखास उभ्याने जाणार. कुणी एकट्याने थांबून उपयोग नाही, हीच गोम.

चीनमध्ये गाड्यांपासून सौरपॅनेलपर्यंत सगळीकडे रुमाल पडले आहेत. २०२५ च्या मे महिन्यात बीवायडी या मोटार कंपनीने एका दमात २२ मॉडेलांच्या किमती ३४ टक्क्यांपर्यंत उतरवल्या. तिची ‘सीगल’ ही छोटी इलेक्ट्रिक गाडी ५५,८०० युआनवर आली. इतर कंपन्यांना मागोमाग उतरावंच लागलं. स्थानिक सरकारंही यात सामील असतात: प्रत्येक प्रांताला, शहराला आपल्या हद्दीत गाड्यांचा कारखाना हवा असतो, म्हणून स्वस्त जमीन, सोपं कर्ज. मागणीपेक्षा कारखाने जास्त झाले, तरी आपला बंद व्हावा असं कुणालाच वाटत नाही.

खाण्यातही तेच. झेंगचौची मीश्वे ही आइस्क्रीम-चहाची साखळी २०२५ च्या मार्चमध्ये हाँगकाँगच्या शेअर बाजारात आली तेव्हा तिची ४५ हजारांहून अधिक दुकानं होती, म्हणजे मॅकडोनाल्ड्सपेक्षा जास्त. लिंबू सरबत ४ युआनला. लकिन या कॉफी साखळीने २०२३ मध्ये कप ९.९ युआनवर आणला आणि तो आकडा जणू सगळ्या बाजाराच्या मानगुटीवर बसला. माझ्या नूडल्सचे ९.९ हे त्याच घराण्यातले.

त्या उन्हाळ्यात काय चाललं होतं

जेवण घरपोच देण्यात मेइत्वान ही कंपनी वर्षानुवर्षं पहिली. पिवळी जाकिटं तिची. दुसरी अलीबाबाच्या मालकीची अलमा, निळी जाकिटं. २०२५ च्या फेब्रुवारीत तिसरा गडी उतरला: जेडी, मूळची फ्रिज-मोबाइल विकणारी, लाल जाकिटं. १ मेच्या आत नावनोंदणी करणाऱ्या हॉटेलांना वर्षभर कमिशन नाही असं तिने जाहीर केलं, आणि पूर्णवेळ डिलिव्हरीवाल्यांना सामाजिक विमाही. अलीबाबाने उत्तर म्हणून आपल्या खरेदीच्या ॲपमध्येच ‘झटपट’ विभाग उघडला आणि जुलैच्या सुरुवातीला वर्षभरात ५,००० कोटी युआनच्या सवलती वाटण्याची घोषणा केली.

५ जुलैला, एका शनिवारी, मेइत्वानवर एका दिवसात १२ कोटी ऑर्डरी पडल्या. पुढच्या शनिवारी १५ कोटी. लोक फुकटात मिळतो म्हणून दुधाचा चहा मागवत होते आणि फ्रिजमध्ये भरत होते. मी नेमका याच वावटळीत त्या गल्लीत पोचलो होतो.

मग ते ८.१ युआन कुणाचे?

पुढचे आकडे केवळ उदाहरणाचे, त्या दुकानाचा खरा हिशेब माझ्याकडे नाही. समजा १८ च्या वाटीवर मी ९.९ दिले. उरलेल्या ८.१ मधले ५ प्लॅटफॉर्मने, म्हणजे ॲप चालवणाऱ्या कंपनीने, स्वतःच्या खिशातून घातले आणि ३.१ दुकानदाराच्या माथी मारले, ‘सवलतीत सहभागी’ या गोंडस नावाखाली. दुकानदाराला दिसतात १४.९. त्यातून प्लॅटफॉर्मचं कमिशन गेलं, प्लॅस्टिकचा डबा त्याचाच गेला. १८ च्या जागी हातात राहिले कदाचित बारा-तेरा.

तरी तो मला फोनकडे का ढकलतो? कारण त्याला आज माझ्याकडून मिळणाऱ्या पैशांपेक्षा ऑर्डरींचा आकडा महत्त्वाचा. आकडा वाढला की ॲपच्या यादीत दुकान वर चढतं. आकडा घसरला की दुकान तळाला जातं आणि तळापर्यंत बोट फिरवणारा गिऱ्हाईक नसतो. फळ्यावरच्या १८ युआनांनी त्याचं आजचं भागलं असतं. यादीतल्या जागेने उद्याचं. रुमाल टाकणं भाग आहे.

प्लॅटफॉर्मचा खिसा म्हणजे तरी कुणाचा? भागधारकांचा. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत मेइत्वानला सुमारे १,८६० कोटी युआन तोटा झाला. ज्या कंपनीला बाजारात तोड नव्हती, तिला. आमच्या नूडल्स अंशतः हाँगकाँगच्या शेअर बाजाराने वाढल्या होत्या म्हणायच्या.

“ग्राहकाचा तर फायदाच ना?”

आज, हो. मीही डबा चाटूनपुसून खाल्ला. पण भाव नेहमी असेच राहिले तर हॉटेलवाला कुठे कात्री लावणार? मांसाच्या तुकड्यात, आचाऱ्यात. कारखान्यात शिजवून गोठवलेली पाकिटं गरम करून वाढणं हा २०२५ मध्ये चीनमध्ये चांगलाच तापलेला वादाचा विषय, त्याचाही याच्याशी संबंध आहे. आणि एकदा ९.९ ची सवय लागली की फळ्यावरचे १८ हा लोकांना अन्याय वाटू लागतो, प्रामाणिक दुकानदारालाही.

“आणि डिलिव्हरीवाला?”

मेइत्वानवरून २०२३ मध्ये ७४.५ लाख जणांनी पोचवण्याचे पैसे कमावले. खेड्यातून आलेल्याला, कारखान्यातून सुटलेल्याला दुसऱ्या दिवशी मिळणारं काम, हे खरंच. पण किती मिनिटांत पोचायचं ते ॲपमधलं गणितच ठरवतं, आणि कुणी सिग्नल तोडून लवकर पोचला की गणित समजतं, अरे, एवढ्या वेळात जमतं तर! मग सगळ्यांचीच मिनिटं कापली जातात. पुन्हा रुमालच. २०२० मध्ये एका चिनी मासिकाने यावर सविस्तर लिहिलं, देशभर गहजब झाला. तेव्हा अलमाने ॲपमध्ये बटण दिलं: ‘मी आणखी पाच मिनिटं थांबायला तयार आहे.’ लोक जास्तच भडकले. गणित तुमचं आणि उदारपणा आमचा का, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते तंतोतंत पटतं. दहा मिनिटांत कोथिंबीर मागवणाऱ्या पुणे-मुंबईकरांनी हा परिच्छेद दुसऱ्यांच्या देशाबद्दल आहे असं समजू नये.

“पण तिथे सरकारच सर्वेसर्वा, ते का थांबवत नाही?”

प्रयत्न करतं. २०२१ मध्ये ‘आमच्याकडेच विका, दुसरीकडे नाही’ असं दुकानदारांना धमकावल्याबद्दल अलीबाबाला सुमारे १,८२० कोटी युआन आणि मेइत्वानला ३४४ कोटी युआन दंड झाला. २०२५ च्या मे आणि जुलैमध्ये तिन्ही कंपन्यांना बोलावून समज दिली गेली. १ ऑगस्टला तिघींनी ‘बेताल सवलती नकोत’ अशी निवेदनं काढली. १५ ऑक्टोबरपासून लागू झालेल्या सुधारित कायद्यानुसार प्लॅटफॉर्मला दुकानदाराला खर्चाहून कमी भावात विकायला भाग पाडता येत नाही.

पण आमच्या वाटीत कुणी कुणाला ‘भाग पाडलं’? ‘सहभागी व्हा’ या बटणावर दुकानदाराने स्वतःच बोट ठेवलं होतं. बटण दाबलं नाही तर यादीत काय होतं, हे कायद्याच्या कागदात पकडणं अवघड आहे. शिवाय सरकारला एकीकडे भाव पडायला नको आहेत, दुसरीकडे लोकांनी खर्च करायला हवा आहे, आणि लाखो हातांना कामही. हे तिन्ही एकाच ॲपवर अवलंबून असल्यावर फार जोरात कान पिळता येत नाही.

आणि ड्रोन, रोबो?

ते खरे आहेत. शेनझेनमध्ये ड्रोनने जेवणाची पेटी ठरलेल्या खोक्यावर उतरवताना मी मान वर करून पाहिली. शहरातल्या सोळा हजारांवर बस २०१७ अखेरीसच विजेवर गेल्या होत्या, त्यामुळे रस्त्यावर गर्दी असूनही शांतता इतकी की आपण बहिरे झालो की काय वाटावं. बाजारात एका गाळ्यावर नमुना दाखवला, दुपारी सुधारून आणला, संध्याकाळी शंभर नग तयार. एवढ्या वेगाची चटक लागते. फक्त त्या गाळेवाल्या बाईने नफ्याबद्दल विचारल्यावर अंगठा आणि तर्जनी एकमेकांना जवळजवळ टेकवून दाखवली. शेजारच्या चाळीस गाळ्यांत तोच कनेक्टर होता.

निघायच्या आदल्या रात्री पुन्हा त्या गल्लीत गेलो. काउंटरवर तीन फोन तीन सुरांत ‘नवी ऑर्डर आली आहे’ म्हणून ओरडत होते, दारात पिवळी, निळी, लाल जाकिटं ताटकळत होती, स्टुलांवर मात्र कुणी नव्हतं. मी या वेळी जेवणाचं ॲप उघडलं नाही. फळ्याकडे बोट दाखवून काउंटरचा कोड स्कॅन केला आणि सरळ १८ युआन भरले. मालक गोंधळला. त्याने भाषांतराच्या ॲपमध्ये काहीतरी बोलून फोन माझ्यापुढे धरला. हिंदीत उमटलं होतं: ‘आपने गलती से ज़्यादा पैसे दिए हैं.’ मी मान हलवून नाही म्हटलं. नूडल्स या वेळी चिनी मातीच्या वाटीत आल्या. पार्सल उचलायला आलेल्या एका मुलीने आधी फळ्याकडे पाहिलं, मग माझ्या वाटीकडे, मग माझ्याकडे, आणि कीव येऊन आपल्या फोनवरचं कूपन मला दाखवायला लागली.